विचारा, पण नीट विचारा

कर वाढवण्याआधी लोकांना विचारायचं, ही कॅलिफोर्नियातली रीत मला मनापासून आवडते. आपल्याकडे जकात गेली, एलबीटी आला, 2017 मध्ये जीएसटी आला. यातलं काहीही कुणी आपल्याला मतपत्रिकेवर विचारलं नाही. पण विचारतात म्हणून कसंही विचारलेलं चालेल का? यावरून लेकीशी (ती सॅन होजेला असते, तिथली मतदार आहे) माझा फोनवर चांगलाच वाद झालाय.

प्रकरण असं. 4 नोव्हेंबर 2025 ला सांता क्लारा काउंटीने 'मेझर ए' मतदानाला ठेवला. पाच वर्षांसाठी विक्रीकरात 5/8 टक्का वाढ. म्हणजे हजार डॉलरच्या लॅपटॉपवर सव्वासहा डॉलर जादा. (किराण्यावर तिथे हा कर नसतो. आणि आपल्या एमआरपीसारखा तो किमतीत धरलेला नसतो, बिलात वरून लागतो.) केंद्राने गरिबांच्या वैद्यकीय मदतीला कात्री लावल्यामुळे काउंटीची रुग्णालयं अडचणीत, म्हणून पैसा हवा. कारण खरं आहे आणि मतदारांनी कर मंजूरही केला.

मग माझं दुखणं काय? तिथे 1996 च्या 'प्रॉप 218' नुसार सरकारने एखाद्या ठराविक कामासाठी कर मागितला, तर दोन तृतीयांश मतं लागतात. 'सर्वसाधारण' तिजोरीसाठी मागितला, तर निम्म्याहून एक जास्त पुरतं. इथे प्रचार सगळा रुग्णालयांचा आणि कायद्याच्या कागदावर कर मात्र सर्वसाधारण! उद्या नवीन मंडळाने तो पैसा दुसरीकडे वळवला तर त्याचा हात कोण धरणार? याच काउंटीत 2016 मध्ये वाहतुकीसाठी अर्धा टक्का कर, तोही 30 वर्षांचा, सरळ दोन तृतीयांश मतांनी मंजूर झाला होता. तेव्हा अशक्य काही नाही.

लेक म्हणते, "अहो बाबा, एक तृतीयांश लोकांनी बाकीच्यांना अडवायचं ही कुठली लोकशाही?" हे मला पटतं. मग ती अटच उघडपणे बदला ना! शाळांच्या कर्जरोख्यांसाठी 2000 साली 55 टक्क्यांवर आणलीच की. आडवाटेने कशाला जायचं?

आता वेळ. सर्वसाधारण कराचा प्रश्न काउंटीच्या नेहमीच्या निवडणुकीबरोबरच घ्यावा, असं तोच कायदा सांगतो. अपवाद आणीबाणीचा, आणि तो मंडळाने एकमताने ठरवायचा. मंडळाने तसं ठरवलं. त्या दिवशी मतदारसंघांच्या नकाशांचा गाजलेला 'प्रॉप 50' होता म्हणून लोक आले. पण ते काउंटीचं नशीब. विषम वर्षात एरवी केंद्रावर शुकशुकाट असतो. शहरांची मतदानाची टक्केवारी फारच घसरली तर त्यांनी राज्याच्या निवडणुकीबरोबर मतदान घ्यावं, असा कायदा राज्याने 2015 मध्ये केला, तो उगाच नाही. करालाही हाच न्याय लावा, आणि आणीबाणीत घेतलेला कर पुढच्या सम वर्षी पुन्हा मतदारांपुढे आणा.

राहिला प्रश्नाचा मजकूर. आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढल्या, म्हणून हे जास्त खुपतं. तिथे 75 शब्दांची मर्यादा आहे. त्यात नव्या कराचा दर, मुदत आणि वर्षाला मिळणारी रक्कम लिहावीच लागते. एकूण दर कितीवर जाणार, हे लिहायची मात्र सक्ती नाही. सॅन होजेत तो 9.375 वरून थेट 10 टक्के होणार होता. एवढे दोन आकडे त्या 75 शब्दांत सहज मावले असते.