धनुष्य दिलं म्हणून हिंसादान?



नातवाच्या दहाव्या वाढदिवसाला त्याच्या आजोबांनी हातानं धनुष्य करून दिलं. फोटो घरच्या ग्रुपवर गेला आणि धाकट्या जाऊबाईंचा अलिबागला फोन आला. "ताई, आपल्या घरात शस्त्राची भेट? हे हिंसादान झालं."

आक्षेप पोकळ नाही. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत हिंसादान आहेच. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी त्यात शस्त्रांसोबत कुऱ्हाड, कुदळ आणि अग्नीही मोजलाय. मग शेजारणीला कोयता, काडेपेटी देताना आपण थांबतो का? गेल्या दिवाळीत याच ग्रुपवर बंदुका घेतलेल्या नातवंडांचे फोटो होते. त्यावर सगळ्यांची बदाम-चिन्हं! मोबाईलच्या खेळात मुलं माणसं मारून गुण मिळवतात, तेही आपल्याला चालतं. व्रताची आठवण फक्त दुसऱ्याच्या घरासाठी का?

मी बी.कॉम. झालेली, जमाखर्चाच्या दोन्ही बाजू बघते. बंदूक दुकानातून आली, रोखली माणसावर, आठवड्यात मोडली. या धनुष्यासाठी आजोबा-नातू पंधरा दिवस परसात बसले. वाळलेला बांबू कोयत्यानं चिरला. बांबूची पाठ ताण सोसते, म्हणून ती बाहेरच्या अंगाला ठेवली. मध्ये जाड, टोकांना निमुळतं, दोन्ही बाजू सारख्या वाकेपर्यंत काचेच्या तुकड्यानं तासलं. दोरी तातीची नाही, रेशमाचीही नाही. सुताला पीळ घालून केलेली. काम झालं की ती उतरवायची, नाहीतर बांबूचा ताण मरतो. आवरून ठेवणं पोर तिथं शिकलं.

सुरुवातीला मीही नाही म्हणाले होते. मग अटी घातल्या. तिराला टोक नाही, कापडाचं बोंड. निशाणा भाताच्या पेंढ्यानं भरलेलं पोतं. मध्ये कुणी असताना दोरी ओढायची नाही. पाखरावर रोखलं, त्या दिवशी धनुष्य माळ्यावर.

आदिनाथांची उंची आपण पाचशे धनुष्य सांगतो. मुलांना धनुष्य दिसलं तर बिघडलं कुठं? नेमिनाथांनी कृष्णाचं धनुष्य सहज चढवलं, आणि त्याच नेमिनाथांनी बांधलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकून लग्नाचा रथ मागे फिरवला. हात समर्थ होता, तरी मन करुणेनं भरलेलं होतं. ही गोष्ट मी नातवाला धनुष्य हातात देतानाच सांगितली.

साताऱ्याच्या आदिती स्वामीनं 2023 मध्ये बर्लिनला तिरंदाजीचं जगज्जेतेपद मिळवलं. तिनं कुणाचा जीव घेतला?

जाऊबाई, रविवारी या. पोत्यावर एक तीर मारा, सूर्यास्ताआधी जेवा. आणि येताना नातवाची ती बंदूक घेऊन या. तिचा हिशेब आपण दोघी मिळून करू.