कफाला संपला म्हणतात, मग ‘आझाद व्हिसा’वाल्याचं काय?

‘सौदीतली कफाला पद्धत संपली, आता कफीलची कटकट नाही’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा फिरतो. दहावीच्या निकालानंतर धाकट्याची मार्कशीट घ्यायला आलेले पालक हाच मेसेज दाखवून थोरल्याबद्दल विचारतात, “सर, आता तर सगळं खुलं झालंय ना? मग पोराला आझाद व्हिसावर पाठवू का?”

प्रश्न साधा नाही. रत्नागिरी-रायगडच्या आपल्या कित्येक मोहल्ल्यांत घराची स्लॅब, बहिणीचं लग्न, अब्बांचं ऑपरेशन हे सगळं गल्फच्या पगारातून झालेलं आहे. म्हणून उत्तर देताना ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ एवढं म्हणून चालत नाही. कायदा नेमका कोणासाठी बदलला, हे आधी बघावं लागतं.

बदललं काय?

पूर्वी सौदीत नोकरी बदलायची, सुट्टीवर घरी यायचं किंवा कायमचं परतायचं, तर कफीलची म्हणजे मालकाची परवानगी लागायची. १४ मार्च २०२१ पासून यात मोठा बदल झाला. खाजगी कंपनीत काम करणाऱ्याला एक वर्ष पूर्ण झाल्यावर, नोटीस देऊन, ‘किवा’ या सरकारी पोर्टलवरून दुसरी नोकरी धरता येते. सुट्टीचा व्हिसा आणि कायमचा एक्झिट तो ‘अबशर’वरून स्वतः मागू शकतो. सलग तीन महिने पगार मिळाला नाही, इकामा संपला, किंवा आल्यापासून तीन महिन्यांत करारच नोंदवला नाही, तर वर्षभर थांबण्याचीही गरज नाही.

हे चांगलंच झालं. पण त्याच निर्णयात पाच प्रकारचे कामगार वगळले होते: खाजगी ड्रायव्हर, घराचा वॉचमन, घरकाम करणारे, मेंढपाळ आणि माळी किंवा शेतमजूर. त्यांच्यासाठी वेगळे नियम आहेत. त्यात आठवड्याची सुट्टी, पगारी रजा अशा गोष्टी आहेत, पण कंपनीच्या कामगाराला मिळालेली मोकळीक त्यांना नाही. नोकरी बदलणं ठराविक अटींवरच होतं आणि घरी येण्याचा कागद कफीलच्याच हातात असतो.

आझाद व्हिसाची खरी जात

‘आझाद व्हिसा’ नावाचा व्हिसा सौदी सरकारच्या कुठल्याच यादीत नाही. एखादा कफील आपल्या नावावर व्हिसा काढतो, एजंट तो विकतो आणि तिथे पोचल्यावर “तुझं काम तू शोध, मला दर वर्षी एवढे दे” असा तोंडी सौदा होतो.

आता इकाम्यावर व्यवसाय कोणता लिहिलेला असतो ते बघा. बहुतेक वेळा ‘साइक खास’ म्हणजे घरचा ड्रायव्हर, नाहीतर ‘आमिल मंज़िली’ म्हणजे घरगुती कामगार. याचं कारण पैशात आहे. बहुतेक कंपन्यांना परदेशी कामगारामागे सरकारला दरमहा ७०० ते ८०० रियालपर्यंत शुल्क भरावं लागतं. घरगुती कामगारावर साधारणपणे हे शुल्क नाही. म्हणजे घरगुती व्हिसा कफीलला स्वस्तात पडतो आणि तोच बाजारात विकायला येतो.

थोडक्यात, जो व्हिसा आपण दीड-दोन लाख मोजून घेतो, तो नेमका त्या पाच प्रकारांतला असतो ज्यांना २०२१ ची मोकळीक मिळालीच नाही. नाव आझाद आणि दरवाजा सगळ्यात घट्ट बंद.

माझा एक जुना विद्यार्थी असाच गेला. इकाम्यावर घरचा ड्रायव्हर, प्रत्यक्षात रियाधमध्ये एसी दुरुस्ती. कमाई चांगली होती, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांनी इकडे वडिलांचा इंतकाल झाला. सुट्टीचा व्हिसा कफीलने काढून द्यायचा होता. कफीलने आधी राहिलेले पैसे मागितले, मग फोन उचलणं बंद केलं. पोरगा गावात पोचला तेव्हा ज़ियारतही होऊन गेली होती. कब्रस्तानातून परत येताना तो मला एवढंच म्हणाला, “सर, पैसे होते माझ्याकडे. कागद नव्हता.”

यात आणखी एक धोका आहे. ज्याच्या नावावर इकामा आहे त्याला सोडून दुसरीकडे काम करणं सौदी कायद्यात गुन्हा आहे. कफील नाराज झाला आणि त्याने ‘हुरूब’ लावला, म्हणजे कामगार पळून गेला अशी तक्रार केली, की माणूस बेकायदा ठरू शकतो. मग पकडला गेला तर कोठडी, दंड आणि परतीची रवानगी. अशा वेळी तोंडी सौद्याचा पुरावा काय दाखवणार?

धंदा करणाऱ्यांचं काय?

आपले बरेच लोक सौदी माणसाच्या नावावर बकाला, गॅरेज किंवा हॉटेल चालवतात. याला तिथे ‘तसत्तुर’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या नावाआड धंदा. २०२० मध्ये आलेल्या नव्या कायद्यात यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रियालपर्यंत दंड आहे. वीस वर्षं उभं केलेलं दुकान कागदावर दुसऱ्याचंच असतं, हे दुखणं वेगळंच.

कायदेशीर वाट आता आहे. २०१९ मध्ये सौदीने प्रीमियम रेसिडेन्सी सुरू केली, जिला कफील लागत नाही. तेव्हा कायमच्या परवान्याची फी ८ लाख रियाल होती. जानेवारी २०२४ मध्ये कुशल व्यावसायिक, प्रतिभावंत, गुंतवणूकदार, उद्योजक आणि घरमालक असे पाच नवे प्रकार आले. पण उद्योजकाला तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेची गुंतवणूक आणि सरकारी परवाना लागतो, घरमालकाला ४० लाख रियालची मालमत्ता. म्हणजे ही वाट बकालावाल्यासाठी नाही.

दुबईकडेही हेच चित्र आहे. २०२२ पासून मिळणारा पाच वर्षांचा ग्रीन व्हिसा मालकाशिवाय राहायला देतो, पण नोकरदाराला त्यासाठी पदवी आणि महिना किमान १५ हजार दिरहम पगार लागतो.

यातून एक गोष्ट लक्षात येते. गल्फचे दरवाजे खरंच उघडतायत, पण जो शिक्षण, हुनर आणि करार कागदावर दाखवू शकतो त्याच्यासाठी. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी मेकॅनिक अशा कामांसाठी सौदीने भारतातच कौशल्य चाचणी सुरू केली आहे. वर्क परमिटचीही आता कौशल्यानुसार वर्गवारी होते. माझा तो विद्यार्थी आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन एसी मेकॅनिक म्हणून कंपनीच्या व्हिसावर गेला असता, तर तेच काम करताना कायदा त्याच्या बाजूने असता.

लोक म्हणतात, कंपनीचा पगार कमी, आझादवाला दुप्पट कमावतो. काहींच्या बाबतीत हे खरं आहे. पण त्या दुप्पटीतून व्हिसाचं कर्ज, कफीलचा वार्षिक हप्ता आणि राहण्या-खाण्याचा खर्च वजा करा, आणि मग विचारा की घरात मय्यत झाली तर पोरगा येऊ शकेल का.

आपल्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट एजंटची. भारत सरकारकडे नोंदलेला रिक्रूटिंग एजंट कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो. तो नोंदलेला आहे की नाही, हे ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर कोणालाही बघता येतं. जो लाख-दीड लाख मागतो आणि पावती देत नाही, तो व्हिसा विकतोय, नोकरी देत नाही.

दुसरी गोष्ट दहावीची. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असतं आणि गल्फला कामाला जाताना त्याचा करार सरकार तपासतं. त्याला प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे, जिच्यात अपघाती मृत्यूला १० लाखांचं संरक्षण दोन वर्षांसाठी फक्त २७५ रुपयांत मिळतं. दहावी पास झाला की ही तपासणी सुटते. आपण खूश होतो, ‘पोराचा पासपोर्ट ईसीएनआर आहे’. पण तपासणी सुटली म्हणजे करार वाचणारं कोणी उरलं नाही. मग तो आपणच वाचायचा.

तिसरी गोष्ट, निघण्याआधी कागदावर चार गोष्टी बघा: व्हिसावर लिहिलेलं काम, मालकाचं नाव, पगार आणि कराराची मुदत. व्हिसावरचं काम आणि एजंटने सांगितलेलं काम वेगळं असेल, तर तिथेच थांबा. कराराची एक प्रत घरी ठेवा. तिथे पोचल्यावर करार ‘किवा’वर नोंदवला गेला का, हे पोराला विचारा. अडचण आली तर ‘मदद’ पोर्टलवर घरूनही तक्रार करता येते.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची, साक्षीदार ठेवण्याची ताकीद आहे. ती आपण दर्समध्ये ऐकतो. मग पोराच्या आयुष्याची पाच-दहा वर्षं ज्या सौद्यावर जातात, तो तोंडी कसा चालतो?

पुढच्या निकालाला जे पालक येतील त्यांना मी हेच सांगणार आहे. व्हिसाला दोन लाख जमवलेत ना? त्यातले थोडे आधी हुनरवर लावा, आणि पोराला स्वतःच्या कामाच्या, स्वतःच्या नावाच्या कागदावर पाठवा. अल्लाह सगळ्यांच्या हलाल रोज़ीत बरकत देवो आणि परदेशातल्या आपल्या मुलांना सलामत घरी आणो.