सिकलसेलचं कार्ड मिळालं, कॅप्सूल कुठे आहे?



जयंतीच्या आसपास विदर्भातल्या वस्त्यांमध्ये सिकलसेल तपासणी शिबिरांचे बॅनर लागतात. बोटातून रक्ताचा थेंब, हातात कार्ड, पाहुण्यांसोबत फोटो. दुसऱ्या दिवशी बातमी : 'इतक्या जणांची तपासणी'. त्यातले रुग्ण किती आणि त्यांच्या हातात औषध पडलं का, हे बातमीत नसतं. आमचं भांडण नेमकं इथे आहे.

१ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. लक्ष्य काय? आदिवासीबहुल भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत निर्मूलन. सोबत प्रचार, की लग्नाआधी कार्डं जुळवून बघा. म्हणजे आधी पत्रिका जुळवत होते, आता हिमोग्लोबिन!

हा रस्ता जगाने चालून पाहिला आहे. ग्रीसमधल्या ओर्कोमेनोसमध्ये सगळ्यांची तपासणी करून लग्नाचा सल्ला दिला गेला. काही वर्षांनी पाहिलं तर वाहकांवर कलंक बसला होता, लोक निकाल लपवत होते, आणि वाहक-वाहक लग्नं काही कमी झाली नव्हती. अमेरिकेत ब्लॅक पँथर पार्टीने १९७१ पासून मोफत तपासणी चालवली (१९७२ ला आपल्या दलित पँथरने नाव आणि बाणा तिथूनच घेतला). पण पुढे अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांवर तपासणीची सक्ती केली, तेव्हा ठणठणीत वाहकांनाही आजारी ठरवून नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला. आपल्याकडे तर जात आधीच तयार बसली आहे. विदर्भात आदिवासींसोबत बौद्ध समाजातही सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे, म्हणून 'त्यांचा रोग' म्हणणारे कमी नाहीत. हे जनुक मलेरियाच्या प्रदेशात टिकलं, कारण वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळतं. यात जातीचा दोष कुठून आला?

मग काय परिणामकारक आहे? हे गुपित नाही. १९८६ च्या अमेरिकन चाचणीत रोज पेनिसिलिन दिलेल्या लहान मुलांमध्ये न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला, इतका की चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. १९९५ मध्ये हायड्रॉक्सियुरियाने प्रौढ रुग्णांमधले वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आणले. दोन्ही औषधं जुनी, पेटंटमुक्त. अट एकच, रोज घ्यावी लागतात. हायड्रॉक्सियुरियासाठी ठरावीक काळाने रक्ताची तपासणीही लागते. म्हणजे हे काम शिबिराचं नाही, गावाजवळच्या आरोग्य केंद्राचं आहे. पण झटक्याने तळमळणाऱ्या पोराला घेऊन आई केंद्रात जाते आणि 'साठा संपला, जिल्ह्याला जा' ऐकून परत येते. जिल्ह्याला जायचं म्हणजे एक रोजी बुडाली, वर भाडं. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा ती जात नाही, आणि फाईलवर शेरा पडतो : 'रुग्ण उपचारास प्रतिसाद देत नाही.'

कुणी म्हणेल, तपासणीशिवाय रुग्ण कळणार कसा? बरोबर. पण आधी कुणाची? नवजात बाळाची, कारण पेनिसिलिन आणि लसींचा खरा फायदा पहिल्या पाच वर्षांत आहे. ३५ वर्षांच्या निरोगी वाहकाला कार्ड दिल्याने आकडा वाढतो, मूल वाचत नाही. दोन वाहकांच्या प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. ती माहिती जोडप्याला खाजगीत, समुपदेशकाकडून मिळाली पाहिजे, मांडवात माईकवरून नाही.

म्हणून यंदा बॅनरच्या आधी माहिती अधिकाराचा अर्ज. आपल्या तालुक्यात सिकलसेलचे रुग्ण किती नोंदले? त्यातल्या किती जणांना मागचे सहा महिने न चुकता हायड्रॉक्सियुरिया मिळालं? किती दिवस साठा शून्य होता? किती नवजात बालकं तपासली, आणि किती पेनिसिलिनवर आहेत? फी १० रुपये. उत्तरं आली की रुग्णांच्या आयांना पुढे ठेवून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या दालनात जाऊ.