पापण्यांआडची धावपळ
‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण अर्धीच खरी; उरलेले अर्धे झोपलेल्या मेंदूचे काम. शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये झोपलेल्या माणसांच्या मिटल्या पापण्यांआडची बुबुळांची जलद हालचाल नोंदवली. त्या वेळी जागे केलेले लोक बहुधा स्वप्न सांगत. बुबुळे अशी हलण्याची ही झोपेची अवस्था साधारण ९० मिनिटांनी पुन्हा येते आणि पहाटेकडे लांबत जाते. पहाटेची स्वप्ने आठवतात ती त्यामुळे, खरी होणार असतात म्हणून नव्हे! या अवस्थेत मेंदूतील भावनांची केंद्रे सक्रिय असतात, तर तारतम्य राखणारा पुढचा भाग मंदावतो. म्हणूनच स्वप्नात वारलेले आजोबा परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक म्हणून फिरले तरी वावगे वाटत नाही. हातापायांचे स्नायू मात्र शिथिल असल्याने स्वप्नातली पळापळ अंथरुणाबाहेर जात नाही.