अट भिंतीवर लावा!

गोदीत बोटीच्या पोटात उतरायला कुणी माझं गणित तपासलं नाही. पाठ तपासली. पण धाकटा भाऊ बी.कॉम. झाला आणि म्हणाला, 'दादा, मला अमेरिकेत क्वांटिटेटिव्ह फायनान्स शिकायचंय.' तेव्हा कळलं, दाराच्या आधीही एक दार असतं. त्याचं नाव पूर्वअट.

यादी ऐका. अनेक चलांचं कॅल्क्युलस. लिनिअर अल्जिब्रा. कॅल्क्युलसवर उभी असलेली संभाव्यता. डिफरन्शियल इक्वेशन्स. वर सी प्लस प्लस नाहीतर पायथन, आणि तेही नुसती तोंडओळख नव्हे, प्रोग्राम स्वतः लिहिता आला पाहिजे. कार्नेगी मेलन असो, बर्कले असो, न्यूयॉर्कचं बरूक असो, थोड्याफार फरकाने हेच. भावाच्या मार्कशीटवर यातलं काय? व्याजाची गणितं आणि थोडं स्टॅटिस्टिक्स. बस्स.

एका सल्लागाराने फी घेऊन सांगितलं, 'हे तुमच्या लोकांचं काम नाही.' वस्तीतला एक कॉम्रेड बिनफीचं तेच बोलला, 'भांडवलदाराचा मुनीम होणार काय रे?' दोघांनाही उत्तर देतो.

सल्लागार साहेब, हे शास्त्र कुठून आलं ठाऊक आहे? १९०० साली पॅरिसमध्ये लुई बाशेलिएने शेअरबाजाराच्या चढउतारावर प्रबंध लिहिला. हा ल हाव्र बंदरातला, दारूच्या व्यापाऱ्याचा पोरगा. गरीब नव्हता. पण शाळा संपली आणि आईबाप गेले. धंदा सांभाळला, लष्करात चाकरी केली, १८९२ साली बाविसाव्या वर्षी पॅरिसला पोचला. उशीर झाला म्हणून गणिताने त्याला हाकललं नाही. विद्वानांनी मात्र कायमची प्रोफेसरी द्यायला १९२७ उजाडवलं. गणित वेगळं, गणिताचे पहारेकरी वेगळे. हे डोक्यात ठेवा.

१९७३ साली ब्लॅक आणि शोल्स यांनी ऑप्शनची किंमत काढायचं समीकरण छापलं. ते डिफरन्शियल इक्वेशन आहे, म्हणून ते विचारतात. शेकडो शेअर एकमेकांबरोबर कसे हलतात हे मॅट्रिक्समध्ये मांडावं लागतं, म्हणून लिनिअर अल्जिब्रा. पुष्कळ उत्तरं हाताने निघत नाहीत, मशीनकडून लाखो वेळा फासे टाकून घ्यावे लागतात, म्हणून प्रोग्रामिंग. म्हणजे अट खोटी नाही. मी अटीच्या विरुद्ध नाही. लिहिलेल्या अटीत आडनाव नसतं. ती पुरी करता येते.

न लिहिलेली अट मी भोगलीय. नववीत मास्तर म्हणाला, 'तुला झेपणार नाही, सामान्य गणित घे.' घेतलं. पास झालो. ते घेतलं की अकरावीला गणिताचं दार बंद, हे मास्तर बोलला नाही. चौदा वर्षांच्या पोराचा आख्खा रस्ता एका फॉर्मवर मिटवला. पुढे बोर्डाने तो पर्यायच काढून टाकला. पण माझी दहावी मला परत कोण देणार?

ही चोरी वेळेची आहे. एकाला बाप आठवीतच सांगतो पुढे काय लागणार. दुसऱ्याला पंचविशीत कळतं काय राहून गेलं. मग दोघांना एका रांगेत उभं करून म्हणता, मेरिट! राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. हवीच. पण ती प्रवेश हातात आल्यावर. त्याआधीच्या गणिताच्या दोन वर्षांत घर कोण चालवणार? सध्या माझी पाठ चालवते.

आता कॉम्रेड, तुला. १९८५ साली लंडनमध्ये जहाजांच्या भाड्यावर वायदे सुरू झाले. असे सौदे आजही चालतात. माल आपल्या पाठीवर, भाव त्यांच्या पडद्यावर. १९९८ साली लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट बुडायला आली. तिच्या भागीदारांत दोन नोबेलवाले होते. चौदा वित्तसंस्थांनी सुमारे ३६० कोटी डॉलर ओतून तिला सावरलं. समीकरण कुठे फसवतं, हे ज्याला समीकरण येतं तोच दाखवील. शिव्या घालून ते सापडत नाही. बाबासाहेबांचा रुपयावरचा ग्रंथ लंडनला १९२३ साली छापला गेला. पैशाचं शास्त्र त्यांनी सावकारावर सोडलं नव्हतं.

भाऊ रात्री मोबाईलवर एनपीटेलची व्याख्यानं बघतो. एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांचं लिनिअर अल्जिब्रा फुकट आहे. पायथनही फुकट. पण बघितलं म्हणजे आलं नाही. विद्यापीठ पुरावा मागतं, म्हणून परीक्षा द्यायची, गणितं वहीत सोडवायची. मी पाळी करून येतो, त्याच्या शेजारी बसतो. डोळे मिटतात. तीन महिने विकलनातच अडकलोय. परवा एक गणित त्याच्या आधी सोडवलं. च्यायला, झोपच उडाली.

तेव्हा दोस्तहो, एकच मागणी. प्रत्येक वस्तीच्या अभ्यासिकेत ही यादी मराठीत लिहून लावा. कुठलं गणित सोडलं की कुठलं दार बंद होतं, तेही खाली लिहा. आठवीच्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. उद्या त्याच्यासमोर कुणी फॉर्म धरला, तर सही करण्याआधी त्याने भिंतीकडे बघितलं पाहिजे.