दुधाचा दांत आणि मुळापर्यंतचा उपचार

मुलांच्या प्रकृतीसंबंधीं वाचकांचे प्रश्न आमच्याकडे नेहमींच येत असतात. परंतु गेल्या कांहीं महिन्यांत एकच प्रश्न निरनिराळ्या घरांतून फिरून फिरून आला, म्हणून या वेळचें हें सदर त्यालाच देण्याचें आम्ही योजिलें आहे. प्रश्न असा : पांच-सहा वर्षांच्या मुलाची दुधाची दाढ किडली, रात्रीं ठणकूं लागली, आणि दंतवैद्यांनीं मुळापर्यंतचा उपचार, म्हणजे लोक ज्याला रूट कॅनाल म्हणतात तो, करावयास सांगितला. आई म्हणते, करून घेऊं. आजी म्हणतात, "अहो, तो दांत पडायचाच आहे, पडणाऱ्या दांतावर पैसे कशाला, आणि लेकराच्या तोंडांत सुई तरी कशाला?" आजोबा मध्यस्थी करतात, लवंगेचें तेल लावून पाहावें असा ठराव होतो, आणि प्रकरण पुढच्या ठणक्यापर्यंत तहकूब राहतें.

आजींचें म्हणणें अडाणीपणाचें म्हणून बाजूस सारणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. त्यांच्या लहानपणीं किडका दांत एक तर ठणकत राही किंवा उपटला जाई. तिसरा मार्ग सामान्य कुटुंबास ठाऊकच नव्हता. मुंबईचें नायर दंतमहाविद्यालय १९३३ सालीं निघालें, दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ सालीं झाला, आणि मुलांच्या दांतांचा निराळा अभ्यास करणाऱ्या वैद्यांची अखिल भारतीय संस्था तर १९७९ सालीं स्थापन झाली. तेव्हां आजींचा अनुभव खोटा नाहीं. तो जुना आहे इतकेंच.

त्यांच्या विधानांतील 'पडणार' हा शब्द मात्र तपासून पाहिला पाहिजे. दांत पडणार हें खरें, पण केव्हां? खालचे पुढचे दांत सहाव्या-सातव्या वर्षीं पडतात, परंतु मागच्या दुधाच्या दाढा दहाव्यापासून बाराव्या वर्षापर्यंत टिकावयाच्या असतात. म्हणजे पांच वर्षांच्या मुलास त्या दाढेवर अजून पांच-सहा वर्षें जेवावयाचें आहे. आयुष्याचा अर्धा काळ शिल्लक असलेल्या नोकरास तो पुढें निवृत्त होणार म्हणून आजच कामावरून काढणें कोणीही शहाणपणाचें म्हणणार नाहीं.

संस्कृतांत दांताला 'द्विज' असें नांव आहे. ब्राह्मण, पक्षी आणि दांत या तिघांनाही तो एकच शब्द लागतो, कारण तिघेही दोनदां जन्मतात. नेपाळांत सांपडलेल्या पोथीवरून छापलेल्या काश्यपसंहितेंत दांतांच्या जन्मावर एक स्वतंत्र अध्यायच आहे. त्यांत बत्तीस दांतांपैकीं आठ एकदांच उगवतात आणि उरलेले चोवीस द्विज होत, असा हिशेब दिला आहे. आजच्या शारीरशास्त्राप्रमाणें दोनदां येणारे दांत वीस आणि एकदांच येणाऱ्या दाढा बारा. आंकड्यांत अंतर असलें तरी भेद तोच आहे, आणि तो प्रत्येक गृहिणीनें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कारण सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागें एक नवी दाढ निमूटपणें वर येते. तिच्यासाठीं कोणताही दांत पडलेला नसल्यामुळें घरचीं माणसें तिलाही दुधाचीच समजतात आणि ती किडली तरी 'पडेल' म्हणून स्वस्थ बसतात. ती पडत नाहीं. ती जन्माची सोबतीण असते.

आतां रोगाकडे वळूं. दांत किडा खातो अशी समजूत पूर्वीं बहुतेक सर्व देशांत होती. आपल्या सुश्रुतसंहितेंतही या रोगास 'कृमिदंतक' हेंच नांव आहे. फ्रान्समधील पियेर फोशार या दंतवैद्यानें १७२८ सालच्या आपल्या ग्रंथांत किड्याची कल्पना नाकारली. पुढें बर्लिन येथें काम करणाऱ्या मिलर नांवाच्या अमेरिकन पंडितानें १८९० सालीं असें प्रतिपादिलें कीं, तोंडांतील सूक्ष्म जंतु अन्नांतील साखर-पिठापासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लानें दांताचें कवच विरघळतें. दुधाच्या दांताचें हें कवच पक्क्या दांताहून पातळ असतें, आणि आंतील रक्तवाहिन्या व मज्जातंतूंनीं भरलेला जिवंत गर त्या मानानें मोठा व पृष्ठभागाच्या अधिक जवळ असतो. यामुळेंच आज दिसलेला काळा ठिपका मुलाच्या तोंडांत थोड्याच महिन्यांत गरापर्यंत पोहोंचूं शकतो.

येथें एक फसवी गोष्ट सांगितली पाहिजे. पंचवटींतील आमच्या ओळखीच्या एका घरीं सहा वर्षांचा नातू आठवडाभर रात्रीं रडत होता. एके दिवशीं ठणका आपोआप थांबला. सर्वांस हायसें वाटलें व वैद्यांकडे जाण्याचा बेत मागें पडला. तीन आठवड्यांनीं मूल सकाळीं उठलें तें गाल सुजून डोळा अर्धा मिटलेला आणि अंगांत ताप, अशा स्थितींत. ठणका थांबला होता तो रोग बरा झाला म्हणून नव्हे, तर दांताचा गर मेला म्हणून. मेलेल्या गरांतील जंतु मुळाच्या वाटेनें हाडांत उतरले होते. पू काढावा लागला आणि दाढही गमवावी लागली. अशी सूज गळ्याकडे किंवा डोळ्याकडे पसरल्यास जिवावरही बेतूं शकतें; तेव्हां चेहऱ्यावर सूज व ताप दिसतांच त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

'अँटिबायोटिकच्या गोळ्यांनीं भागणार नाहीं काय?' असेंही पुष्कळ जण विचारतात. औषध रक्तावाटे जातें. मेलेल्या गरांत रक्तच फिरत नाहीं, तेव्हां तेथें तें पोहोंचावें कसें? पसरलेली सूज आवरण्यास गोळ्या उपयोगी पडतात, परंतु मूळ घर साफ झाल्यावांचून दुखणें परत येतें.

दुधाची दाढ वांचविण्याचीं कारणें केवळ जेवणापुरतीं नाहींत. तिच्या मुळांच्या बेचक्यांत पक्क्या दांताचा अंकुर वाढत असतो. वरचा पू दीर्घकाळ राहिल्यास त्या अंकुराच्या कवचास डाग किंवा खड्डे पडूं शकतात. दुसरें, ती दाढ पुढच्या दांताची जागा राखून ठेवते. ती अकालीं काढली तर मागची सहाव्या वर्षाची दाढ पुढें सरकते, आणि योग्य वेळीं येणाऱ्या दांतास जागा न मिळून तो वांकडा येतो किंवा हाडांतच अडकतो. पुढें दांत सरळ करण्याच्या तारांस लागणारा खर्च या उपचाराच्या कितीतरी पट असतो. तिसरें आम्ही शिक्षकाच्या नात्यानें सांगतों : रात्रभर न झोंपलेलें आणि एकाच बाजूनें चावणारें मूल वर्गांत मंद दिसतें. पुष्कळदां त्यास बुद्धीचा दोष चिकटतो, आणि दोष असतो दाढेचा.

आतां उपचार म्हणजे काय तें पाहूं. प्रथम क्ष-किरणानें छायाचित्र घेऊन मुळांची स्थिति पाहतात. नंतर हिरडी बधिर करून दांताभोंवतीं रबराचा पातळ पडदा लावतात, म्हणजे थुंकी आंत जात नाहीं व औषध घशांत उतरत नाहीं. केवळ वरच्या भागांतील गर बिघडला असेल तर तेवढाच काढून मुळांतील निरोगी गर औषधानें झांकतात. याला पल्पोटॉमी म्हणतात. त्यासाठीं पूर्वीं फॉर्मोक्रेसॉल वापरीत. हल्लीं एमटीए नांवाचें सिमेंटासारखें द्रव्य पसंत करतात. मुळांतील गरही मेला असल्यास सर्व नलिका बारीक कानशींनीं व धुण्याच्या औषधांनीं साफ करून भरतात, ती पल्पेक्टॉमी.

मोठ्यांच्या आणि मुलांच्या उपचारांतील मुख्य भेद या भरणींत आहे. मोठ्या माणसाच्या मुळांत गटापर्चा नांवाचें न विरघळणारें द्रव्य भरतात. मुलाच्या दाढेचें मूळ मात्र पक्का दांत वर येऊं लागला कीं हळूहळू झिजून नाहींसें व्हावयाचें असतें. म्हणून तेथें मुळाबरोबर विरघळणारा लेपच भरावा लागतो. असा एक फार जुना लेप जस्ताची भस्मासारखी पूड व युजेनॉल यांचा असतो, आणि युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलांतील मुख्य सत्त्व. तेव्हां आजींची लवंग दंतवैद्यांच्या टेबलावरही आहे! मात्र घरीं बोळा लावल्यानें ठणका तात्पुरता बधिर होतो, जंतु जात नाहींत. आणि निर्भेळ तेलानें मुलाची हिरडी भाजते. शेवटीं दाढेवर पोलादाची टोपी बसवितात. ही टोपी मुलांसाठीं अमेरिकेंत १९५० सालीं प्रचारांत आली. दांत पडतो तेव्हां टोपीही त्याच्याबरोबर पडते.

प्रत्येक दुधाचा दांत वांचवावाच असाही आमचा आग्रह नाहीं. मूळ बरेंचसें झिजलें असेल, दांत थोड्याच महिन्यांत पडणार असेल, टोपी बसण्याइतकाही भाग उरला नसेल, किंवा मुलास हृदयाचे कांहीं विकार अथवा प्रतिकारशक्तीची उणीव असेल, तर दांत काढणेंच हितकर. अशा वेळीं 'जागा राखणारी तार बसवावी लागेल काय?' एवढें वैद्यांस अवश्य विचारावें. उपचार केलेला दांतही दर सहा महिन्यांनीं दाखवून घ्यावा.

खर्चाची चिंता ज्यांस आहे त्यांनीं दंतमहाविद्यालयांचीं रुग्णालयें विसरूं नयेत. आपल्या नाशकांत पंचवटीच्या बाजूस महात्मा गांधी विद्यामंदिराचें भाऊसाहेब हिरे दंतमहाविद्यालय आहे. अशा ठिकाणीं अध्यापकांच्या देखरेखीखालीं काम चालतें व आकार सामान्यतः खाजगी दवाखान्यांपेक्षां कमी असतो. शाळांतून मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं आपल्याच महाराष्ट्रांत, पालघर येथें सुरू झाला. त्याच्या यादींत दांतांची कीडही आहे. शाळेंतून तशी चिठ्ठी आल्यास ती दप्तरांतच राहूं देऊं नये.

कीड लागूंच न देणें हें अर्थातच सर्वांत स्वस्त. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडांत ठेवून मुलास निजवूं नये. सकाळीं व रात्रीं दांत घांसावे, आणि सात-आठ वर्षांचें होईपर्यंत मोठ्या माणसानें स्वतः घांसून द्यावे. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन वर्षांखालीं तांदुळाच्या दाण्याएवढी व पुढें वाटाण्याएवढी पुरे. बिस्किटें व चिकट खाऊ दिवसभर थोडा थोडा देण्यापेक्षां जेवणाच्या वेळींच द्यावा. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास एकदां दांत दाखवून आणावे.

एकत्र कुटुंबांत अशा गोष्टींचा निर्णय बहुधा सूनबाईंच्या हातीं नसतो; तो ज्येष्ठांच्या होकारावर अडतो. म्हणून आमची विनंति आजी-आजोबांसच आहे. 'डॉक्टर सुई टोंचतील' अशी भीति घालण्याऐवजीं आपणच नातवाचा हात धरून दवाखान्यांत जावें आणि उपचार चालू असतां शेजारीं बसावें. आजी जवळ असली म्हणजे मूल निम्मी भीति विसरतें. आणि ज्यांच्या घरीं या क्षणीं ठणका 'आपोआप थांबला' असेल, त्यांनीं हा अंक खालीं ठेवून आधीं त्या मुलाची हिरडी उजेडांत पाहावी. तेथें लहानसा फोड दिसल्यास उद्यांवर न ढकलतां वैद्यांकडे जावें.