भाऊजींचा गुलाबी परवाना

माणसाला मान कशात वाटेल याचा नेम नाही. कुणाला तो पगडीत वाटतो, कुणाला पदवीत. आमच्या भाऊजींना तो एका गुलाबी कार्डात वाटतो. हे कार्ड म्हणजे विलायतेतला मोटार चालवण्याचा परवाना. लेस्टरला तीस वर्षे राहिले, पण गाडीला कधी ओरखडा उमटू दिला नाही. २०२२ साली दोनदा फिट आली आणि परवाना रद्द झाला. पुढच्या वर्षी बिऱ्हाड आवरून ते आणि ताई पुण्याला लेकीकडे आले.

त्यानंतर फिट नाही. तिकडचा नियम तसा समंजस आहे. वर्षभर फिट आली नाही, तर गोळ्या चालू असल्या तरी परवाना परत मागता येतो. मुदत भरायच्या आठ आठवडे आधीच अर्ज करता येतो. प्रकृतीची प्रश्नावली भरायची, डॉक्टरांकडे चौकशी करायला संमती द्यायची, की झाले! पण अर्जदार ग्रेट ब्रिटनचा रहिवासी हवा. तिथे पुण्याचा पत्ता काय कामाचा?

शेजारचे अण्णा सल्ला द्यायला तयारच. "अहो, लेस्टरला पुतण्या आहे ना? द्या त्याचा पत्ता! नाहीतर इथलाच परवाना काढा."

इथला अर्ज आणला. 'नमुना १' मधला पहिलाच प्रश्न: अपस्मार किंवा एकाएकी शुद्ध हरपण्याचा विकार आहे काय? किती वर्षांत झटका आला नाही, हे लिहायला रकाना नाही.

"'नाही' म्हणून लिहा. कोण बघतंय?" अण्णा म्हणाले.

ताई स्वयंपाकघरातूनच बोलली, "रस्त्यावर खेळणारी पोरं बघतात."

भाऊजींनी अर्जाची घडी घातली. मला म्हणाले, "अरे, मला गाडी कुठे हाकायची आहे? मी बरा आहे, एवढं सरकारनं एकदा लिहून द्यावं, इतकंच. पण खोट्या पत्त्यावर आलेला मान घेऊन करू काय?"

यावर मी काय बोलणार!

ज्यांची मुलेबाळे तिकडे आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी मात्र सांगून ठेवतो. असा आजार उद्भवला, तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून परवाना आपण होऊन परत करावा. मग मुदतीनंतर केलेला अर्ज विचाराधीन असताना, डॉक्टरांची हरकत नसेल, तर १९८८ च्या तिथल्या कायद्याच्या कलम ८८ प्रमाणे बहुधा गाडी चालवता येते. सरकारने रद्द केलेल्याला ही सवलत नाही. नवे कार्ड हाती येईपर्यंत त्याने थांबायचे. दुसरे असे, की देश सोडायचा बेत असेल आणि मुदत भरत आली असेल, तर अर्ज आधी निकालात काढावा, सामान मग बांधावे.

भाऊजी हल्ली रिक्षाने हिंडतात. वळताना हात दाखवला नाही म्हणून रिक्षावाल्याला खडसावतात. त्याला परवाना लागत नाही!